आमचे स्टेशन बंद आहे की कायमचे गेले, ते लिहून द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, रेल्वे बोर्ड, नवी दिल्ली
मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक, भुसावळ
आणि अमरावती, अकोला, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांतून निवडून गेलेले सर्व लोकप्रतिनिधी

विषय : मूर्तिजापूर–अचलपूर छोट्या लोहमार्गावरील पथ्रोट स्टेशन

महोदय,

स. न. वि. वि.

अंजनगाव सुर्जीहून परतवाड्याकडे निघाले की वाटेत आमचे पथ्रोट लागते. अचलपूर तालुक्यातले हे मोठे गाव. उत्तरेला सातपुड्याची रांग, भोवती कापूस, संत्रा, केळी आणि पानमळे. गावाला रेल्वे स्टेशन आहे. आहे असे लिहितो, कारण ते नाही असे आम्हाला अजून कुणी सांगितलेले नाही. लोक जिला शकुंतला म्हणतात ती गाडी इथे थांबायची. आता रुळांत बाभळी वाढल्या आहेत.

पत्राचे काम थोडक्यात सांगतो. पथ्रोटचे स्टेशन तात्पुरते बंद आहे, की कायमचे काढून टाकले आहे, की मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर पुन्हा उघडणार आहे, यातले जे खरे असेल ते आम्हाला लेखी हवे आहे. गावात याबद्दल तीन माणसे तीन गोष्टी सांगतात. कुणी म्हणतो सर्व्हे झाला, कुणी म्हणतो पैसा मंजूर झाला, कुणी म्हणतो रूळ भंगारात जाणार. जे लखपुरीला ऐकू येते ते अंजनगावला येत नाही, आणि अंजनगावची बातमी आमच्यापर्यंत येईस्तोवर बदललेली असते. आपल्या कागदांत काय आहे ते आपणच सांगू शकता.

पण नुसते उत्तर मागून हे पत्र संपवले तर आम्ही काय गमावतो आहोत ते आपल्यापर्यंत पोचणार नाही. म्हणून स्टेशन कसे आले, कसे चालले आणि कशाने थांबले, ते लिहितो.

मुंबईहून निघालेला जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. वऱ्हाडचा कारभार त्याआधीच, १८५३ मध्ये, निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी भाव आला. पुढे रेल्वेचे फाटे निघाले ते कापसाच्या वासावरच. जलंबहून खामगावला १८७० मध्ये फाटा गेला, तेव्हा उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. बडनेऱ्याहून अमरावतीला रूळ गेले तेही बाजारासाठी.

मुख्य मार्गापासून दूर पडलेला मुलूख मात्र कोरडाच राहिला. उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव आणि एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर. दक्षिणेला कारंजा, दारव्हा, यवतमाळ. इथला कापूस बैलबंड्यांतून मुख्य मार्गावरच्या मूर्तिजापूरला जायचा. ज्यांनी काळ्या मातीत अवकाळी पावसानंतर भरलेली बंडी बाहेर काढली आहे, त्यांना त्या प्रवासाबद्दल जास्त सांगायला नको.

१९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली. तिच्यामागे किलिक निक्सन ही पेढी होती, इंग्रज व्यापाऱ्यांनी १८५७ मध्ये मुंबईत स्थापलेली. त्याच दशकात मूर्तिजापूर मधोमध धरून दोन मार्ग झाले. एक उत्तरेला अचलपूरपर्यंत, साधारण ७६ किलोमीटर. दुसरा दक्षिणेला यवतमाळपर्यंत, ११३ किलोमीटर. पुलगाव–आर्वी हा तुकडाही याच कंपनीचा. रूळ कंपनीचे, आणि त्यावर गाड्या चालवायचे काम जीआयपीचे, अशी वाटणी होती. या वाटणीकडे लक्ष असू द्या, कारण पुढचे सगळे तिच्यातून निघाले.

रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मुख्य मार्ग १६७६ मिलिमीटरचा. अरुंद मार्गाला जमीन कमी लागते, रूळ हलके चालतात, पूल लहान होतात, खर्च वाचतो. खर्च वाचला तो कंपनीचा. त्याची भरपाई मूर्तिजापूरच्या हमालांनी पाठीवर केली. छोट्या वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, उतरवलेली प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते तिथे मोठ्या वाघिणीत पुन्हा चढवावे लागे. वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास सांगताना जिनिंगवाल्यांची नावे येतात, व्यापाऱ्यांची येतात. त्या हमालांचे नाव कुठे वाचल्याचे मला आठवत नाही.

पथ्रोटला स्टेशन मिळाले ते या हिशेबात. पथ्रोटच्या माणसाने कुठे जावे-यावे याचा विचार करून कुणी रूळ टाकले नव्हते. तरी गावाने ते स्टेशन आपलेसे केले आणि कंपनीच्या मनातही नसेल अशा कामांना ते लावले.

आमच्या पट्ट्यात नागवेलीची पाने आणि पानपिंपरी होते. पानपिंपरी औषधात जाते. ती वाळवून पोत्यांत भरतात. पाने मात्र वाट बघत नाहीत. खुडली की ओल्या कापडात, केळीच्या पानांत बांधून टोपल्या लावायच्या आणि बाजार गाठायचा. माझ्या लहानपणी पानांच्या टोपल्या, भाजीची गाठोडी, दुधाचे कॅन आणि माणसे एकाच डब्यात बसत. सकाळी गाडीच्या वेळेला स्टेशनावर अर्धे गाव दिसायचे. त्यात जाणारे थोडे आणि पोचवायला आलेले जास्त. वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन कापूस वेचायला सुरुवात झाली की मेळघाटातून मजुरीला उतरलेली कोरकू कुटुंबे चुलीच्या सामानासकट फलाटावर बसलेली असत. फलाट म्हणजे जमिनीच्या पातळीचाच. डब्याची पायरी धरून चढायचे. म्हाताऱ्या माणसाला वर घ्यायला आतून कुणीतरी हात देत असे, आणि तो हात कुणाचा याची चौकशी तेव्हा कुणी करत नव्हते.

आमच्या घरातून मुंबईला, नागपूरला, पंढरपूरला जाणारे प्रत्येक माणूस या स्टेशनावरून गेले. पथ्रोटहून मूर्तिजापूर, तिथे मोठी गाडी. माझी आत्या लग्न होऊन गेली ती याच गाडीने, आणि पहिल्या दिवाळीला माहेरी आली तीही हिनेच. गावातली पोरे अचलपूरला शिकायला याच गाडीने जात. एसटी होती, पण एसटीला पैसे जास्त. ज्याच्या खिशात दोन तिकिटांचा फरक मोजण्याइतकीच ऐपत होती, त्याची गाडी शकुंतला होती. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे. या मार्गाचा विचार करताना उत्पन्नाचे आकडे समोर येतील आणि ते लहानच असतील. लहान आहेत, कारण बसणारी माणसे लहान होती.

गाडीवरच्या कर्मचाऱ्यांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शेवटच्या वर्षांत मधल्या स्टेशनांवर माणूस उरला नव्हता. गार्डच उतरून तिकिटे द्यायचा. फाटकावर गाडी थांबायची, गाडीतलाच एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की उघडून परत चढायचा. प्रवाशांना त्यांची नावे ठाऊक होती आणि त्यांना प्रवाशांची. शेताच्या बांधावरून धावत येणारी बाई दिसली तर गाडी थोडी थांबायची. रेल्वेच्या नियमांत हे कुठे बसत असेल असे वाटत नाही, पण ती बाई वेळेवर दवाखान्यात पोचायची.

वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत होते. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले झेडडी वर्गाचे इंजिन १५ एप्रिल १९९४ ला काढले गेले आणि डिझेल आले. सत्तर वर्षे एका इंजिनाने वऱ्हाडच्या उन्हात काम केले, आणि त्याला चालते ठेवणारे फिटर, कोळसा ओढणारे फायरमन इथलेच होते. डिझेल आल्यावर वेग वाढेल असे आम्हाला वाटले होते. तो वाढला नाही, कारण अडचण इंजिनाची नव्हती. खालचे रूळ, स्लीपर आणि पूल थकले होते. ताशी वीसेक किलोमीटरच्या वर गाडी नेणे धोक्याचे, म्हणून मूर्तिजापूर ते अचलपूर हे ७६ किलोमीटर चार तासांचे झाले. तोवर रस्ता सुधारला, ट्रक वाढले, कापूस रस्त्याने जाऊ लागला. मालाचे उत्पन्न गेले, घाई असलेले प्रवासी गेले, आणि दुरुस्तीला पैसा कशाला घालायचा हा प्रश्न विचारणे सोपे झाले.

दुरुस्ती का झाली नाही, याचे मूळ त्या जुन्या वाटणीत आहे. देशातल्या रेल्वेमार्गांची सरकारने पुनर्रचना केली, ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली, जीआयपी तिच्यात आली. शकुंतलेच्या गाड्या चालवायचे काम मध्य रेल्वेकडे आले, पण रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली. करारात ठरावीक मुदतीनंतर मार्ग विकत घेण्याची मुभा सरकारला होती. मुदती येत गेल्या आणि जात गेल्या. चालवणारा म्हणे रूळ माझे नाहीत, आणि मालकाला गाडीशी घेणे नव्हते. भाऊबंदकीत पडलेल्या वाड्याची भिंत कुणी लिंपत नाही, तसे झाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शकुंतलेबद्दल देशभर जे काही छापून आले, दाखवले गेले, त्यात बहुतेक वेळा एकच मथळा असतो: स्वातंत्र्यानंतरही इंग्रजांच्या मालकीची शेवटची रेल्वे. वाचायला ते चटकदार आहे. पण किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत गेली. इंग्रज कंपनी पैसा नेते आहे या एका गोष्टीवर इतका रोष खर्च झाला की मार्ग दुरुस्त का होत नाही, विकत का घेतला जात नाही, हे प्रश्न मागे पडले. गाडी नवलाची वस्तू झाली. लांबून लोक फोटो काढायला आले, एकदा बसले आणि गेले. रोज बसणाऱ्यांची बातमी कधी झाली नाही. माझ्या मते या मथळ्याने आमचे नुकसानच केले.

महाराष्ट्रातच दुसरे उदाहरण आहे आणि ते आपल्या मध्य रेल्वेवरचेच आहे. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९५ मध्ये कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू केली. १९०६ मध्ये रूळ पंढरपूरला गेले, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. रुंदी तीच, अडीच फूट. कंपनी तशीच खासगी, लंडनमध्ये नोंदलेली. माल तोच, कापूस आणि धान्य. पंढरीचे वारकरी हे तिकडचे आणखी भाग्य. फरक पडला तो एका तारखेने. १ जानेवारी १९५४ ला सरकारने बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली. त्या दिवसापासून ते रूळ सरकारचे झाले, म्हणून त्यांचे भले-बुरे सरकारला बघावे लागले. वेळ पुष्कळ लागला, पण २००८ मध्ये कुर्डुवाडी ते लातूर ब्रॉडगेज पूर्ण झाला, पुढे पंढरपूर ते मिरजही झाला. आज लातूरचा माणूस मुंबईची गाडी आपल्या गावात धरतो. रुंदीकरण करताना मार्ग वळवून धाराशिव शहराला पहिल्यांदा रेल्वे दिली गेली, तीही चांगली गोष्ट झाली.

लातूरला जे मिळाले त्याचा आम्हाला हेवा नाही. आम्ही एवढेच म्हणतो की छोटा मार्ग मोठा होऊ शकतो, हे आपण स्वतः करून दाखवले आहे. काळी जमीन, नद्यांवरचे जुने पूल, कमी उत्पन्न, या सगळ्या अडचणी तिकडेही होत्या. मालकीचा प्रश्न सुटला तिथे रेल्वे राहिली. लोंबकळला तिथे बाभळी उगवल्या.

२०१६ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना शकुंतलेच्या ब्रॉडगेजची घोषणा झाली, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. त्याच सुमारास यवतमाळकडची गाडी थांबली, मागोमाग अचलपूरची थांबली. रूळ आणि पूल धोक्याचे झाले हे कारण. ते कारण खोटे होते असे मी म्हणत नाही. त्या रुळांवरून गेलेल्या कुणालाही ते पटेल. पण धोका म्हणून थांबवलेली गाडी दुरुस्तीनंतर सुरू होते असे आम्ही धरून चाललो. वर्षे उलटली तेव्हा अचलपूर, पथ्रोट, अंजनगाव, दर्यापूर या पट्ट्यातली माणसे सत्याग्रहाला बसली. त्यात ज्यांनी उभ्या आयुष्यात कधी घोषणा दिली नव्हती असे म्हातारे होते. ज्यांनी शकुंतलेत कधी पाय ठेवला नव्हता अशी पोरे होती.

आता यवतमाळबद्दल दोन शब्द, कारण त्याचा आमच्याशी संबंध आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचे काम चालू आहे आणि त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. यवतमाळला मोठी रेल्वे येते आहे, त्याचा आनंद आहे. आमची भीती वेगळी आहे. उद्या कुणी म्हणेल, यवतमाळची सोय झाली, आता शकुंतलेची गरज काय? उत्तरेकडची अचलपूरची बाजू त्या एका वाक्यात बुडून जाईल. अमरावती–नरखेड मार्ग झाला तेव्हा तो चांदूर बाजारवरून गेला; अचलपूर–परतवाडा हे जुळे शहर बाजूलाच राहिले. मेळघाटच्या पायथ्याचे, लाकडाच्या बाजाराचे, चिखलदऱ्याच्या वाटेवरचे हे ठिकाण. त्याला जोडणारा एकच लोहमार्ग होता आणि तो हाच. म्हणून आमची पहिली मागणी अशी आहे की मूर्तिजापूर–अचलपूर मार्गाचा निर्णय यवतमाळच्या मार्गापासून वेगळा काढावा आणि त्याची मुदत जाहीर करावी.

दुसरी गोष्ट जमिनीची. आज नवा लोहमार्ग टाकायचा म्हटले की सगळ्यात अवघड काम जमीन मिळवण्याचे. शेतकऱ्याशी बोलणी, मोबदला, कोर्ट, यात वर्षे जातात. इथे मूर्तिजापूरपासून अचलपूरपर्यंत एक सलग पट्टी शंभर वर्षांपूर्वीच आखलेली आहे. ब्रॉडगेजला ती सगळीकडे पुरणार नाही, वळणे सरळ करावी लागतील, पूर्णा नदीवर नवा पूल लागेल, हे आम्हालाही कळते. तरी सुरुवात करायला हाताशी एवढे असताना ते घालवू नये. बंद पडलेल्या मार्गाकडे कुणाचे लक्ष नसले की आधी झुडपे येतात, मग बांध सरकतो, मग टपरी उभी राहते आणि शेवटी सातबाराचा वाद सुरू होतो. पट्टीची मोजणी करून खुणेचे दगड लावा. आमच्या गावातल्या कुणी अतिक्रमण केले असेल तर ते काढायला ग्रामपंचायतीने आपल्यासोबत उभे राहावे, असे मी आमच्या गावालाही या पत्रातून सांगतो.

तिसरी मागणी स्टेशनाच्या नावाची. ब्रॉडगेज झाला की मधली स्टेशने गाळण्याकडे कल असतो, कारण वेगवान गाड्यांना ती अडचणीची वाटतात. लखपुरी, दर्यापूरचे बनोसा, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट, चमक ही नावे जुन्या वेळापत्रकात होती. नव्या आराखड्यात यांतली कोणती आहेत? पथ्रोट नसेल तर आत्ताच सांगा. कागदावर बोलता येते, रूळ पडल्यावर बोलून उपयोग नसतो.

काही हितचिंतक सुचवतात की शकुंतलेला वारसा गाडी करा, माथेरानसारखी. नेरळ–माथेरान १९०७ पासून आहे आणि ती जपली हे उत्तम केले. पण माथेरानला हवा खायला जाणारा प्रवासी आहे. आमच्याकडे बाजाराला, कॉलेजला, दवाखान्यात जाणारा आहे. सुटीच्या दिवशी पाहुण्यांना फिरवून आणणारी गाडी चालवली तर आम्ही ती बघायला नक्की जाऊ, परंतु ते आमच्या मागणीचे उत्तर होत नाही. गाडी आधी कामाची हवी.

जपायचे ते मात्र जपाच, आणि यात उशीर करू नका. आमच्या भागाचा इतिहास पुस्तकांत गाविलगडाच्या वेढ्यापर्यंत येतो, अंजनगाव सुर्जीला ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे आणि इंग्रजांचा तह झाला तिथपर्यंत येतो आणि थांबतो. त्यानंतर इथल्या सामान्य माणसाने काय केले, कुठे गेला, कशाने जगला, हे शोधायचे तर या मार्गाच्या कागदांकडे जावे लागेल. रूळ टाकताना कुणाकुणाच्या शेतातून जमीन घेतली, किती दिली, काय मोबदला ठरला, ते कुठेतरी लिहिलेले असणार. गँगवर कोण होते, त्यांची हजेरी असणार. कोणत्या हंगामात पथ्रोटहून किती पोती गेली, ती पावतीपुस्तके असणार. काही कागद भुसावळला असतील, काही मुंबईला, काही मूर्तिजापूरच्या एखाद्या कपाटात. वाळवी कुणाची परवानगी घेत नाही. हे कागद एकत्र करून त्यांची यादी करावी आणि नागपूरच्या अभिलेखागारात ठेवावेत, म्हणजे अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याला ते दिवसाभरात जाऊन वाचता येतील.

वस्तूंचेही तसेच. पुठ्ठ्याची तिकिटे, सिग्नलचे खटके, गार्डाचे कंदील, रुळाचा तुकडा टांगून केलेली घंटा, स्टेशनांच्या नावाच्या पाट्या. भंगाराच्या लिलावात वजनावर त्यांची किंमत शंभर-दोनशे रुपये होईल. नागपूरला मोतीबागेत रेल्वेचे नॅरोगेज संग्रहालय आहे. मध्य भारतातल्या छोट्या मार्गांच्या वस्तू तिथे चांगल्या जपल्या आहेत. शकुंतलेच्या काही वस्तू तिथे जाव्यात, पण स्टेशनाच्या नावाची पाटी ज्या-त्या गावातच राहावी. पथ्रोटची पाटी पथ्रोटच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत लावायला आम्ही तयार आहोत. तिची पावती करून देऊ, रंग देऊ, सांभाळू.

आणि माणसे. ज्यांनी वाफेचे इंजिन चालवले, कोळसा घातला, ऐन मे महिन्यात स्लीपर बदलले, मूर्तिजापूरला गाठी उचलल्या, त्यांतले जे हयात आहेत ते आता थकले आहेत. त्यांच्याकडून ऐकून घ्यायला मोठा खर्च लागत नाही. विद्यापीठाचे चार विद्यार्थी आणि एक मोबाइल पुरे आहे. रेल्वेने फक्त निवृत्त कर्मचाऱ्यांपर्यंत पोचायला मदत करावी. कोणत्या पुलावर पुराच्या वेळी गाडी कशी थांबवली, फाटकावर बैल अडला तेव्हा काय केले, पगार कसा आणि कुठे मिळायचा, हे त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही, आणि हे काम ब्रॉडगेजच्या मंजुरीसाठी थांबून राहण्याचे कारण नाही.

लोकप्रतिनिधींना एक विनंती. प्रत्येक निवडणुकीत शकुंतलेचे नाव आपल्या भाषणात असते. तशी घोषणा आता नको. संसदेत लेखी प्रश्न विचारा: या मार्गाची मालकी आज नेमकी कुणाकडे आहे, कंपनीशी असलेला करार संपला की चालू आहे, मार्ग विकत घेण्याचा निर्णय झाला आहे का, झाला असेल तर रक्कम आणि तारीख कोणती, रुंदीकरणाच्या अहवालात कोणती स्टेशने धरली आहेत. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावे लागते आणि ते सभागृहाच्या नोंदीत राहते. चारही जिल्ह्यांचे प्रतिनिधी पक्ष बाजूला ठेवून एकाच दिवशी हे विचारतील तर आमच्या भागातला प्रत्येक माणूस ते लक्षात ठेवील.

महोदय, उत्तर नकाराचे असले तरी चालेल. स्टेशन पुन्हा उघडणार नाही असे आपण स्वच्छ लिहून दिलेत तर दुःख होईल, पण मग त्या जागेचे काय करायचे, गावाला एसटीच्या जादा फेऱ्या कुणाकडे मागायच्या, इमारत पाडायची की वाचनालयाला मागायची, हे ठरवता येईल. पोरांना कॉलेजला रोज कसे पाठवायचे याचा हिशेब घरोघर वेगळा मांडता येईल. होकाराचे असेल तर सर्व्हेसाठी येणाऱ्या आपल्या माणसांना जुने बांध, जुने नाले, पुराची पातळी दाखवायला गावातली जाणती माणसे बरोबर येतील. आराखडा कळला तर ज्यांची जमीन जाणार आहे त्यांच्याशी आधीच बोलायला आम्ही बसू.

उत्तर मराठीत द्यावे आणि ते ग्रामपंचायत, पथ्रोट, तालुका अचलपूर, जिल्हा अमरावती या पत्त्यावर पाठवावे. येत्या १ मे च्या ग्रामसभेपूर्वी मिळाले तर ते सभेत वाचून दाखवून इतिवृत्तात लावून घेता येईल, आणि त्याच सभेत गावाचा ठराव करून आपल्याला पाठवता येईल.

आपला,
पथ्रोटचा एक रहिवासी आणि शकुंतलेचा जुना प्रवासी